प्रॅचेट कुठून सुरू करू? आधी सांगा, काम काय करता

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहात, नाईट ड्युटी जास्त, मैत्रीण गेली दोन वर्षं टेरी प्रॅचेट वाच टेरी प्रॅचेट वाच करून मागे लागलीये (विनोदी फॅन्टसी लिहिणारा इंग्लिश लेखक), म्हणून तुम्ही 'द कलर ऑफ मॅजिक' विकत घेतलं आणि साठाव्या पानावर सोडून दिलं. आता त्याच्या डिस्कवर्ल्ड नावाच्या काल्पनिक जगाची ४१ पुस्तकं आहेत हे कळल्यावर घाबरायला झालंय. तर कुठून सुरू करू, प्रत्येकाचं आवडतं कुठलं, आणि बारा वर्षांच्या मुलीला चालेल का, एवढंच ना?

पहिली गोष्ट, साठाव्या पानावर सोडलंत त्यात तुमची काही चूक नाही. ते १९८३ चं पहिलं पुस्तक आहे आणि त्यात प्रॅचेट आधीच्या तलवारी-जादूगारवाल्या कादंबऱ्यांची टर उडवतोय. आता ज्यांची टर उडवली ते आपण वाचलेलेच नाहीत तर हसणार कुठून? लग्नात नवऱ्याकडच्या मंडळींचे आपापसातले विनोद चालू असतात आणि आपण कडेला हसरा चेहरा करून बसतो ना, तसं होतं. पुस्तक वाईट नाहीये पण तो दरवाजा नाही. नंबर एक लिहिलंय म्हणून तिथूनच आत शिरायचं हा हट्ट सोडा, ही काही टीव्हीवरची मालिका नाही की काल काय झालं ते माहीत नसलं तर आज कळणार नाही. एखाददोन अपवाद सोडले तर प्रत्येक पुस्तक आपल्या पायावर उभं आहे.

आता मी हे कुठल्या अधिकाराने बोलतोय तर मी पुण्यात एक छोटी लायब्ररी चालवतो, सर्क्युलेटिंग म्हणतात तसली, डिपॉझिट आणि महिन्याची वर्गणी, एक गाळा, चोवीस वर्षं झाली. मराठी पुस्तकं जास्त, इंग्रजीची दोन कपाटं, त्यातला एक आख्खा खण प्रॅचेटचा. आमच्याकडे अजूनही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि त्यावर मेंबर नंबर लिहितो, त्यामुळे कुणी काय नेलं, किती दिवसांत आणलं, परत परत कोण नेतं हे सगळं माझ्यासमोर असतं. लोक तोंडाने सांगतात ते आवडतं पुस्तक वेगळं आणि चिठ्ठीवर दिसतं ते वेगळं. मी चिठ्ठीवर जास्त विश्वास ठेवतो.

तर एवढ्या वर्षांत माझा एक नियम झालाय. बाकी लेखकांच्या बाबतीत मी विचारतो की आधी काय काय वाचलंय, काय आवडतं, प्रेमकथा का रहस्य का काय. प्रॅचेटच्या बाबतीत मी फक्त विचारतो, तुम्ही काम काय करता?

हे कळलं मला एका रिटायर्ड पोस्टमास्तरांमुळे. गृहस्थ आयुष्यभर चरित्रं आणि इतिहास वाचणारे, फॅन्टसी म्हणजे चांदोबातला वेताळ ह्यापुढे ज्यांनी कधी बघितलं नाही असे. एका पावसाळ्यात नातीचं पुस्तक परत करायला आले, ते होतं 'गोइंग पोस्टल', आणि शटरपाशी पाऊस थांबायची वाट बघत उभ्या उभ्या चाळायला लागले. पाऊस थांबला तरी हलेनात. मग म्हणाले हे माझ्या नंबरवर लिहा.

त्या पुस्तकात काय आहे तर मॉइस्ट फॉन लिपविग नावाचा एक भामटा आहे, त्याला फाशी होते, म्हणजे अगदी दोर गळ्यात पडून होते, आणि शुद्धीवर येतो तेव्हा शहराचा हुकूमशहा लॉर्ड व्हेटिनारी त्याच्यासमोर बसलेला असतो. व्हेटिनारी त्याला म्हणतो, बंद पडलेलं पोस्ट ऑफिस चालव नाहीतर तो दरवाजा उघडाच आहे, जा. दरवाजापलीकडे खोल खड्डा. मग हा पोस्टात जातो तर सगळी इमारत न वाटलेल्या पत्रांनी भरलेली, जिन्यात पत्रं, खोल्यांत छतापर्यंत पत्रं, त्यावर कबुतरांची घाण, आणि स्टाफ म्हणजे दोन माणसं, एक म्हातारा ग्रोट जो एवढं वय होऊनही पदाने अजून ज्युनियर पोस्टमनच आहे कारण प्रमोशन द्यायला वर कुणी उरलंच नाही, आणि दुसरा स्टॅन्ली, त्याला टाचण्या जमवायचा नाद.

पोस्टमास्तर चार दिवसांनी आले. पुस्तक काउंटरवर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि बोलायलाच लागले. म्हणाले, अहो प्रमोशनचं आहे ना ते शंभर टक्के खरंय. मग पत्रांबद्दल बोलले. अपुऱ्या पत्त्याची पत्रं कशी यायची, "शिंदे मास्तर, शाळेजवळ" एवढंच लिहिलेलं, आणि बीटवरचा जुना पोस्टमन ती नुसत्या अक्षरावरून कशी पोचवायचा, आणि नाहीच पोचलं तर ते आरएलओला जायचं, रिटर्न्ड लेटर ऑफिस, जुन्या लोकांचं डेड लेटर ऑफिस. कादंबरीत एक कित्येक वर्षं पडून राहिलेलं लग्नाची मागणी घालणारं पत्र शेवटी पोचतं असा प्रसंग आहे, तो सांगताना ते मधेच थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला म्हणाले, "हा लेखक कुठल्या पोस्टल सर्कलला होता हो?"

आता ह्याला काय उत्तर देणार. प्रॅचेट पोस्टात कधीच नव्हता. पण नोकरी म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. जन्म १९४८ चा, बीकन्सफील्ड नावाच्या इंग्लंडातल्या गावचा, शाळेपेक्षा गावच्या पब्लिक लायब्ररीत जास्त शिकलो असं सांगायचा, सतराव्या वर्षी शाळा सोडून 'बक्स फ्री प्रेस' ह्या लोकल पेपरात उमेदवारी करायला लागला, आणि नंतर सरकारी वीज बोर्डात प्रेस ऑफिसर, त्यात त्याच्या वाट्याला अणुवीज केंद्रं. म्हणजे काही गडबड झाली की "तसं काही विशेष झालेलं नाही" हे पत्रकारांना सांगायचं काम. नोकरी सोडली १९८७ मध्ये, तोवर डिस्कवर्ल्डची पहिली पुस्तकं नोकरी करता करताच लिहून झाली होती. त्यामुळे ह्याच्या जगात कासव आहे, कासवाच्या पाठीवर चार हत्ती आहेत, हत्तींवर थाळीसारखी सपाट पृथ्वी आहे (आपल्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही, कूर्म आणि दिग्गज आपल्याकडचेच), पण त्या थाळीवर माणसं करतात काय तर ड्युटी. कुणी रात्रीची गस्त घालतंय, कुणी बाळंतपणं करतंय, कुणी पेपर काढतंय, कुणी बँक चालवतंय. बाकीच्या फॅन्टसीत राजपुत्राला राज्य परत मिळवायचं असतं, ह्याच्यात पगार किती आणि शिफ्ट कधी संपते हा प्रश्न असतो. माझ्या मते तो एवढा आवडायचं कारण हेच आहे. विनोद वगैरे आहेच, पण विनोद भरपूर लोक करतात.

लोक त्याला इंग्रजीतले पु.ल. म्हणतात तेही मला पटत नाही. पु.ल. माणसाच्या खांद्यावर हात टाकून हसतात. प्रॅचेट हसतो तेव्हा आत कुठेतरी दात ओठ खात असतो.

तर नियमाप्रमाणे बाकीच्यांची आवडती.

आमच्याकडे एक जुने कंपोझिटर यायचे, हयात छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवण्यात गेलेली, त्यांचा मुलगा 'द ट्रूथ' घेऊन गेला आणि रोज रात्री वडिलांना मराठीत सांगायचा. त्यात बुटके लोक शहरात छापखाना आणतात आणि एक विल्यम नावाचा तरुण त्यातून चुकून पेपर सुरू करतो. जादूगारांचा छापखान्याला विरोध असतो कारण काय तर जादूच्या ग्रंथासाठी वापरलेले खिळे सुटे करून त्यातूनच उद्या पाककृतीचं पुस्तक जुळवलं तर खिळ्यांना आधीचे शब्द आठवणार नाहीत कशावरून? कंपोझिटर आजोबा म्हणे ह्यावर हसलेच नाहीत, म्हणाले बरोबर आहे. आणि पेपरच्या ब्रीदवाक्यातच मुद्रणदोष सुटतो, सत्य तुम्हाला मुक्त करेल ह्याऐवजी त्रस्त करेल असं काहीतरी छापलं जातं, त्यावर मात्र इतके हसले की खोकला लागला.

एक रिटायर्ड फौजदार आहेत. त्यांचं 'नाईट वॉच', २००२ चं. त्या चिठ्ठीवर त्यांचा नंबर मे महिन्यात पाच वेळा आहे, पाच वेगवेगळ्या वर्षांचा मे. हा योगायोग नाही, त्या पुस्तकात २५ मेला फार महत्त्व आहे, जगभर त्याचे वाचक त्या दिवशी लायलॅकची जांभळी फुलं लावून फिरतात. आपल्याकडे लायलॅक कुठून आणणार, साहेब जांभळा पेन खिशाला लावून येतात. कथा अशी की सॅम व्हाइम्स नावाचा पोलिसप्रमुख एका गुन्हेगाराचा पाठलाग करताना तीस वर्षं मागे फेकला जातो आणि तिथे नुकत्याच भरती झालेल्या स्वतःलाच त्याला ड्युटी शिकवावी लागते, शहरात बंडाळी, वर खुनशी गुप्त पोलीस. मी साहेबांना विचारलं एवढं काय आवडतं. वाटलं होतं क्रांती, बॅरिकेड वगैरे सांगतील. ते म्हणाले, "पकडलेली माणसं त्या गुप्तवाल्यांकडे द्यायची वेळ येते तेव्हा तो सही मागतो. सही केल्याशिवाय माणूस ताब्यात देत नाही. सगळं पुस्तक त्या सहीत आहे." मी नंतर तेवढा भाग परत वाचला. खरंच आहे. कागदावर नाव असलं की माणूस गायब करणं अवघड जातं, हे कुठल्याही भाषणापेक्षा त्या एका सहीने जास्त कळतं.

गुरवाच्या घरातला एक मुलगा, इंजिनियरिंगला होता, त्याचं 'स्मॉल गॉड्स'. त्यात ऑम नावाचा महान देव पृथ्वीवर अवतार घ्यायला येतो, बैल वगैरे व्हायचं असतं आणि होतो छोटं कासव, कारण देवाची ताकद भक्तांच्या श्रद्धेवर चालते आणि एवढं मोठं धर्मराज्य, न्यायासनं, छळछावण्या सगळं त्याच्या नावाने चालू असताना त्याला खरोखर मानणारा माणूस अख्ख्या देशात एकच उरलाय, ब्रूथा, मठातला एक अडाणी पोरगा, खरबुजाच्या वाफ्यात खुरपणी करणारा. बाकी सगळे देवाला नाही, देवाच्या माणसांना घाबरतायत. तो मुलगा मला म्हणाला, "काका, आमच्या गावात देऊळ मोठं होत गेलं तसा आमच्याकडे म्हसोबाला कुणी विचारेना." एवढंच म्हणाला. मला वाटतं कुणाला प्रॅचेटचं एकच पुस्तक वाचायचं असेल आणि नोकरीबिकरी सांगायची नसेल तर हे द्यावं, ते कुठल्याच मालिकेत बसत नाही.

नियम फसतो पण, सांगून ठेवतो. एका बँकेच्या मॅनेजरीणबाईंना मी मोठ्या ऐटीत 'मेकिंग मनी' दिलं, त्यात तोच भामटा टांकसाळ आणि बँक सांभाळतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. "दिवसभर हेच बघते, घरी जाऊन पण हेच?" त्यांना मग जादूगारांच्या विद्यापीठातलं, खादाड प्रोफेसरांचं काहीतरी दिलं, ते चाललं. आणि आयटीतल्या मुलांना काय द्यावं हे मला अजून नीट सापडलेलं नाही, ती सगळी आपणहून 'गोइंग पोस्टल'लाच जातात कारण त्यात क्लॅक्स आहे, मनोऱ्यावरून मनोऱ्यावर दिव्यांच्या उघडझापीने निरोप पाठवायची यंत्रणा, म्हणजे तार म्हणा इंटरनेट म्हणा. त्या मनोऱ्यांवर काम करताना जो मरतो त्याचं नाव बाकीचे लोक ओळीवर फिरतं ठेवतात, शेवटच्या मनोऱ्यावरून वळवून परत, कायमचं. १२ मार्च २०१५ ला प्रॅचेट गेला तेव्हा प्रोग्रामर लोकांनी हेच त्याच्यासाठी केलं, वेबसाईटच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या हेडरमध्ये 'जीएनयू टेरी प्रॅचेट' (जीएनयू हा कादंबरीतल्या मनोऱ्यांवरचा नाव फिरतं ठेवायचा संकेत) टाकायला लागले, आजही कितीतरी ठिकाणी ते आहे. आमच्या पोस्टमास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा आपल्याकडची तार बंद होऊन, म्हणजे जुलै २०१३ नंतर, दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, ते म्हणाले लाईन रिकामी ठेवायची नसते.

आता माझं स्वतःचं. सगळ्यांना वाटतं मला तो ओरांगउटान आवडत असणार. डिस्कवर्ल्डच्या विद्यापीठाचा ग्रंथपाल जादूच्या अपघातात ओरांगउटान होतो आणि परत माणूस व्हायला साफ नकार देतो, कारण लांब हात आणि उंच शेल्फ, अजून काय पाहिजे. एकच शब्द बोलतो, "ऊक". त्याला माकड म्हणालात तर हातपाय जागेवर राहतील ह्याची खात्री नाही. आणि ग्रंथपालांचे तीन नियम त्याने 'गार्ड्स! गार्ड्स!'मध्ये दिलेत, शांतता राखा, पुस्तकं दिलेल्या तारखेच्या आत परत करा, आणि कार्यकारणभावात ढवळाढवळ करू नका. हे मी गाळ्यात पाटीवर लिहून लावलंय, पहिले दोन कुणी पाळत नाही, तिसऱ्याची तक्रार अजून आलेली नाही.

पण माझं आवडतं ते नाही, 'मेन ॲट आर्म्स' आहे, १९९३ चं, आणि तेही त्यातल्या एका बुटाच्या हिशोबासाठी. व्हाइम्सचा महिन्याचा पगार ३८ डॉलर. चांगला चामड्याचा बूट ५० डॉलरला, तो दहा वर्षं जातो. त्याला परवडतो तो १० डॉलरचा, एकदोन हंगामात पुठ्ठ्याचा तळ निघतो. म्हणजे दहा वर्षांत श्रीमंताचे ५० जातात आणि गरिबाचे १०० जाऊनही पाय ओलेच. आपल्याकडे स्वस्त ते महाग पडतं म्हणतात ते अर्धंच आहे, म्हण सांगते की स्वस्त घेऊ नका, हा सांगतो की महाग घ्यायला हातात पैसेच नसतात. आता लायब्ररीत ह्याचा संबंध काय तर पुठ्ठाबांधणी. मी 'गार्ड्स! गार्ड्स!' साध्या पेपरबॅकमध्ये घेतलं, पंधराएक वाचकांत कणा सुटला, पानं हातात. बायंडरकडे दिलं, त्याने शिवून पुठ्ठा घातला, त्यात मधल्या ओळी शिवणीत गेल्या, लोक तक्रार करायला लागले. परत पेपरबॅक. परत तेच. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा वहीत बेरीज केली तर हार्डबाउंड एकदाच घेतलं असतं तर पैसे उरले असते, पण त्या महिन्यात लाईट बिल भरायचं होतं ना. लोकांना वाटतं लायब्ररीवाल्याचं काम पुस्तकं वाचणं आहे, ते डिंक, दोरा आणि बिलांचं आहे. म्हणजे नियम मलाही लागू पडला. २०२२ मध्ये इंग्लंडात महागाईवर बोलणं चालू असताना गरिबांच्या पिशवीतल्या वस्तूंच्या किमती मोजायच्या यादीला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं गेलं, ते वाचून मला उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं होतं.

मृत्यूबद्दल सांगायलाच पाहिजे कारण बहुतेकांचं आवडतं पात्र तेच. डिस्कवर्ल्डचा मृत्यू म्हणजे हाडांचा सापळा, काळा झगा, हातात कोयता, पण मांजरांवर जीव, घोड्याचं नाव बिंकी. घोडा खराखुरा आहे, आधी सापळ्याचा घोडा ठेवून बघितला होता पण सारखं थांबून हाडं तारेने बांधायला लागायची. आपल्या यमाला रेडा आहे आणि हिशोबाला चित्रगुप्त आहे, ह्याच्याकडे कारकून नाही, प्रत्येकाच्या आयुष्याचं पुस्तक आपलंआपण लिहिलं जातं आणि तो न्यायही करत नाही, फक्त वेळेवर हजर होतो. आणि तो इंग्रजीत नेहमी कॅपिटल अक्षरांत बोलतो, अवतरणचिन्ह नाही काही नाही. आता आमच्याकडे शनिवारी चारपाच ज्येष्ठ मंडळी जमतात, त्यांना मी 'मॉर्ट' मराठीत करून वाचून दाखवत होतो आणि तिथेच अडलो. देवनागरीत कॅपिटल कुठून आणायचं? ठळक केलं तर डोळ्याला दिसेल पण कानाचं काय. पहिल्या दिवशी मी घसा बसवून नाटकातल्या राक्षसासारखं बोललो. सगळे हसले. दुसऱ्या शनिवारी रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं सपाट. तेही जमेना. तेव्हा ८३ वर्षांच्या एक आजी आहेत त्या म्हणाल्या, "अरे ओरडू नकोस. तो हळूच बोलत असणार. त्याला कसली घाई, घाई आपल्याला असते." मग मी आवाज खाली आणला, शब्दाशब्दात अंतर ठेवलं, आणि खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. ते खरं कॅपिटल.

आता ताई, तुमचं. नर्स म्हटल्यावर लोक तुम्हाला मृत्यूवालीच पुस्तकं देतील, विशेष करून 'रीपर मॅन', ज्यात मृत्यूला नोकरीवरून काढतात आणि तो एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर गहू कापायला सालगडी म्हणून राहतो. अप्रतिम पुस्तक आहे पण ड्युटी चालू असताना नको, रजेत वाचा. तुमची पुस्तकं चेटकिणींची आहेत. प्रॅचेटच्या चेटकिणी जादू जवळजवळ करतच नाहीत. त्या बाळंतपणं करतात, रात्री मरणाऱ्याच्या उशाशी बसतात, प्रेताला आंघोळ घालतात, ज्यांचं कुणी नाही अशा म्हाताऱ्यांची नखं कापतात. म्हणजे तुमचंच काम, फक्त टोपी टोकदार.

आणि इथे मुलीचाही प्रश्न सुटतो. 'द वी फ्री मेन' घ्या, दोघींनी मिळून. नायिका टिफनी नऊ वर्षांची, मेंढपाळांच्या घरातली, चीज फार चांगलं करते. नदीतून एक राक्षसीण वर येते, जिचे डोळे पुस्तकातल्या वर्णनाप्रमाणे सूपच्या बशीएवढे. आता दुसरी कुठलीही नायिका घाबरेल किंवा लढेल. ही आधी घरी जाऊन सूपची बशी टेपने मोजते, आठ इंच भरते, आणि मग धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवून राक्षसिणीला तव्याने हाणते. बारा वर्षांच्या मुलीला ह्यापेक्षा जास्त काय पाहिजे. त्यातल्या निळ्या बुटक्यांची बोली स्कॉटिश वळणाची आहे, डोळ्यांनी वाचताना अडकायला होतं, तेवढं मोठ्याने वाचा म्हणजे कळतं.

त्याच्या पुढचं 'अ हॅट फुल ऑफ स्काय' हे खास तुमच्यासाठी. टिफनी मिस लेव्हल नावाच्या चेटकिणीकडे उमेदवारीला जाते आणि रोज राउंड घेते, अक्षरशः राउंड, घरोघरी. एक ९१ वर्षांचे आजोबा आहेत ज्यांनी स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे पेटीत साठवून ठेवलेत. आणि एक कुटुंब आहे ज्यांची मुलं सारखी आजारी पडतायत कारण संडास विहिरीला लागून. मिस लेव्हल त्यांना बिचारी नीट समजावते की डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात वगैरे, ते मान हलवतात आणि काही करत नाहीत. मग ग्रॅनी वेदरवॅक्स, सगळ्यात दरारा असलेली म्हातारी चेटकीण, जाते आणि सांगते, वासाने भुतं येतात. त्याच दिवशी दुसरीकडे नवी विहीर खणायला घेतात. आता टिफनीचा प्रश्न असा की हे खोटं नाही का? आमच्या एक मेंबर आशा सेविका आहेत, त्या ह्या पानावर अडकल्या, म्हणाल्या काका ह्यावर मी काय उत्तर देऊ, मी दोन्ही केलंय.

ही दोन झाली की मधली सगळी सोडून सरळ 'कार्पे जुगुलम' उघडा, १९९८ चं. मालिकेच्या क्रमाने जाणारे मला शिव्या घालतील, घालू देत. त्याच्या सुरवातीलाच एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, बाईला गायीची लाथ बसलीये, दिवस भरत आलेले, आणि आई किंवा बाळ ह्यातलं एकच वाचणार. ग्रॅनी एकटीने ठरवते, आईला वाचवते. सुईण नंतर विचारते, नवऱ्याला विचारायला नको होतं का? ग्रॅनी तिलाच उलट विचारते, तो वाईट माणूस आहे का? नाही. मग त्याने माझं काय वाकडं केलंय की मी त्याला एवढं दुःख द्यावं? तुमच्याकडे संमतीच्या फॉर्मवर सही घ्यावी लागते, पद्धत वेगळी आणि ती बरोबरही आहे. पण फॉर्म पुढे करताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं काय असतं हे तुम्हाला माहितीये, मला नाही. म्हणून मी ह्या प्रसंगावर जास्त बोलत नाही, तुम्ही वाचा आणि मला सांगा.

शेवटची काही पुस्तकं मात्र घाई करून घेऊ नका. डिसेंबर २००७ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं की त्याला अल्झायमर झालाय, मेंदूच्या मागच्या भागाचा दुर्मिळ प्रकार, ज्यात नजर आणि टायपिंग आधी जातं. मग तो बोलून लिहवून घ्यायला लागला, मदतनिसाला नाहीतर आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला. 'रेझिंग स्टीम' वाचताना मला ते जाणवतं, वाक्यं लांबतात, पात्रं एकमेकांना भाषणं द्यायला लागतात, पूर्वी जे अर्ध्या ओळीत व्हायचं त्याला पान लागतं. तुम्ही वॉर्डात असे पेशंट बघितले असतील तर तुम्हाला माझ्याआधी जाणवेल. 'द शेफर्ड्स क्राउन' तो गेल्यावर आलं, टिफनीचंच आहे, ते सगळ्यात शेवटी. अर्धवट राहिलेलं सगळं हार्ड डिस्कवर होतं, ती त्याच्या इच्छेप्रमाणे ऑगस्ट २०१७ मध्ये वाफेच्या जुन्या रोडरोलरखाली चिरडली. आमच्या फौजदारसाहेबांना ही गोष्ट फार आवडते, म्हणतात पंचनामा झाला का विचारा.

कव्हर बघून बिचकू नका हेही राहिलं. जुन्या आवृत्त्यांवर जॉश कर्बीची चित्रं आहेत, गर्दी, रंगांचा राडा, अर्धे कपडे घातलेल्या बायका, लोकलमध्ये उघडायला लाज वाटेल असली. आम्ही खाकी कव्हर घालतो. जुनी कॉपी मिळाली तर अप्पा बळवंत चौकात नाहीतर मुंबईला फोर्टच्या फुटपाथवर बघा, पण शेवटची पानं मोजून घ्या.

आणि ती तुमची 'कलर ऑफ मॅजिक' कुणाला देऊन टाकू नका. सातआठ पुस्तकं झाली की परत काढा, तेव्हा ते शहर, ती चिखलाने इतकी घट्ट झालेली नदी की तिच्यावरून चालत जाता येईल (मुठेकाठी राहणाऱ्याला हे कल्पनेतलं वाटत नाही), ते सगळं ओळखीचं झालेलं असेल. साठाव्या पानावरची खूण तशीच राहू द्या, मीही पहिल्यांदा तिथेच कुठेतरी सोडलं होतं.